राल्फ फिच : गोव्याच्या कैदेतील इंग्रज प्रवासी

इंग्रज म्हटला की एका हातात कायद्याचे पुस्तक व पाठीशी शिपायांची पलटण असलेला साहेब, असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु व्यापारासाठी या देशात आलेल्या अगदी पहिल्या इंग्रजांपैकी चौघे येथे आले ते दुसऱ्याचे कैदी म्हणून. आणि ज्या नगरात त्यांना कोंडण्यात आले ते आपल्या शेजारचे गोवे होय. त्या चौघांपैकी एकटाच मायदेशी परतला. त्याचे नाव राल्फ फिच.

शालेय इतिहासात या पुरुषास फार तर एक ओळ मिळते. अकबराच्या काळी हिंदुस्थानात येऊन गेलेला इंग्रज प्रवासी, एवढीच ती ओळ. आम्ही वर्गात ती अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. यंदाच्या अंकासाठी चरित्रलेख देण्याची आज्ञा मंडळाकडून झाली, तेव्हा आम्ही हेच नाव मुद्दाम निवडले. आज आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांतील मुले-मुली नोकरीसाठी अथवा शिक्षणासाठी परदेशी आहेत. परक्या मुलखात सरकारी माणसाचा हात खांद्यावर पडला म्हणजे मनुष्याची काय अवस्था होते, हे फिचच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

फिच हा लंडनचा व्यापारी. तेथील चामड्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा तो सभासद होता. त्या काळी लंडनात प्रत्येक धंद्याची अशी श्रेणी असे. तिचे नियम, तिचे सभागृह, तिचा निधी व अडल्यानडल्या सभासदाची तिने घ्यावयाची काळजी, हे सारे वाचताना आपल्याकडील जुन्या ज्ञातिसंस्थांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र श्रेणीचा हात लंडनच्या वेशीपर्यंतच पोचत असे, हे पुढे दिसून येईल.

एडवर्ड ऑस्बर्न व रिचर्ड स्टेपर या दोन धनिक व्यापाऱ्यांनी पूर्वेकडील व्यापाराची वाट शोधण्यासाठी एक मंडळी पाठविण्याचे ठरविले. समुद्रमार्ग पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेव्हा खुष्कीच्या मार्गाने जाऊन पाहावे असा बेत झाला. मंडळींचा म्होरक्या जॉन न्यूबेरी. हा पूर्वी १५८१ साली इराणच्या आखातातील होर्मुझ बेटापर्यंत एकटा जाऊन सुखरूप परत आलेला होता. त्याच्यासोबत फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी नावाचा एक चित्रकार असे निघाले. एलिझाबेथ राणीने एक पत्र अकबर बादशहास व दुसरे चीनच्या बादशहास लिहून दिले होते. फेब्रुवारी १५८३ मध्ये 'टायगर' नावाच्या जहाजातून ही मंडळी निघाली. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात अलेप्पोस गेलेल्या 'टायगर' जहाजाचा उल्लेख येतो, तो याच जहाजावरून सुचला असावा असे विद्वानांचे मत आहे.

सीरियाच्या किनाऱ्यावर उतरून अलेप्पो, तेथून युफ्रेटिस नदीतून नावेने खाली, मग बगदाद व बसरा, असा प्रवास झाला. बसऱ्यास जॉन एल्ड्रेड व विल्यम शेल्स हे दोन सोबती व्यापारासाठी राहिले आणि बाकीचे चौघे सप्टेंबरच्या आरंभी होर्मुझला पोचले. येथेच घात झाला.

होर्मुझ हे बेट ओसाड, खारट, गोड्या पाण्यास महाग. परंतु हिंदुस्थान, इराण व अरबस्तान यांच्या व्यापाराचे नाके. तेथे पोर्तुगीजांचा किल्ला व किल्लेदार मत्याश द अल्बुकर्क. बेटावर नाना देशांचे व्यापारी दुकाने थाटून बसलेले. त्यांत मायकेल स्ट्रोपेने नावाचा एक व्हेनिसकर होता. इंग्रज माल घेऊन आले म्हणजे आपल्या नफ्यास कात्री लागणार, हे त्याने तत्काळ ओळखले. त्याने किल्लेदाराकडे जाऊन हे चौघे हेर आहेत अशी कागाळी केली. मंडळी बेटावर येऊन पुरता आठवडाही झाला नसेल, तोच चौघेही तुरुंगात पडले.

आरोप कोणते, हे समजून घेण्याजोगे आहे. १५८० साली पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या फिलिप राजाकडे गेले होते. त्याचा प्रतिस्पर्धी दोम अन्तोनियु हा गादीवर हक्क सांगत होता व इंग्लंडची राणी त्यास अनुकूल होती. तेव्हा हे इंग्रज त्या अन्तोनियुची पत्रे घेऊन आले आहेत, हा पहिला संशय. दुसरी तक्रार याहून विलक्षण. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा इंग्रज दर्यावर्दी ड्रेक याने मसाल्याच्या बेटांजवळ एका पोर्तुगीज जहाजावर तोफेचे दोन गोळे डागले होते. ते का डागले, असा जाब न्यूबेरीस विचारण्यात आला! ड्रेक कोठे, न्यूबेरी कोठे. परंतु परक्या देशात पकडलेला मनुष्य आपल्या एकट्याच्या कृत्याचा जबाबदार राहत नाही. त्याच्या राजाची, राणीची व सर्व देशबांधवांची पापे त्याच्या माथी येतात. फ्रेंच, जर्मन, इटालियन, आर्मेनियन, तुर्क, ज्यू असे सारे होर्मुझला मोकळेपणी येतात-जातात, मग इंग्रजानेच काय केले, असा न्यूबेरीचा सवाल होता. तो रास्त होता. पण तो ऐकून घेणारे तेथे कोणी नव्हते. तुरुंगातून त्याने बसऱ्याच्या सोबत्यांस पत्रे धाडली. आपले गळे कापतील की वर्षानुवर्षे कोंडून ठेवतील याचा नेम नाही, ईश्वराची इच्छा असेल तसे होईल, असा त्यांचा आशय आहे.

किल्लेदाराने स्वतः निवाडा न करता कैदी गोव्यास व्हाइसरॉयकडे पाठविण्याचे ठरविले. ११ ऑक्टोबर रोजी त्यांना जहाजावर चढविले. जहाज किल्लेदाराच्याच मालकीचे, आणि त्यात एकशे चोवीस घोडे होते. याचे इंगित फिच सांगतो. गोव्यात घोडे घेऊन येणाऱ्या जहाजातील इतर मालावर जकात नसे, घोड्यांवर मात्र असे. बिनघोड्यांच्या जहाजास मालावर शेकडा आठ द्यावे लागत. बेड्यांच्या सावलीत बसूनही हा गृहस्थ जकातीचे दर टिपून ठेवतो, यावरून त्याचा पिंड कळतो. दीव, दमण, वसई, ठाणे असा किनारा पाहत जहाज चौलला आले. चौलच्या वर्णनात फिच नारळाच्या झाडावर अगदी लुब्ध झालेला दिसतो. फळ, पेय, साखर, दोर, शिडे, घराचे छप्पर, काय काय म्हणून या झाडापासून मिळते, याची त्याने यादीच दिली आहे. आपणा कोकणवासीयांस त्यात नवल नाही. परंतु कैदी म्हणून नेला जात असलेल्या माणसाने माडाकडे इतक्या निरखून पाहावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

नोव्हेंबरच्या अखेरीस चौघेही गोव्याच्या तुरुंगात दाखल झाले. गोवे त्या वेळी वैभवाच्या शिखरावर होते. फ्रान्सिस्कु मास्करेन्यस हा व्हाइसरॉय. धर्मन्यायालय १५६० पासून बसलेले. कैद्यांजवळ ना वकील, ना ओळखपाळख. आज परदेशात पकडलेल्या माणसास आपल्या वकिलातीस कळविण्याचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारात तसे स्पष्ट कलमच आहे. आपल्या मुलांनी परदेशी जाण्यापूर्वी ते ठाऊक करून घ्यावे. १५८३ साली असे कलम नव्हते, आणि गोव्यात इंग्लंडचा प्रतिनिधी तर मुळीच नव्हता. पण एक इंग्रज मात्र होता.

तो म्हणजे थॉमस स्टीफन्स. मराठी वाचकांस हे नाव नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे ज्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' आपल्या भाषेत रचले व १६१६ साली राशोल येथे छापविले, तेच हे फादर स्टीफन्स. ते १५७९ मध्ये गोव्यात आले होते. त्यांनी या चौघांसाठी धावपळ केली, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. फादर स्टीफन्स जेझुइट पंथाचे. ज्या राणीची पत्रे घेऊन हे व्यापारी निघाले होते, तिच्याच राज्यात दोन वर्षांपूर्वी, १५८१ च्या डिसेंबरात, एडमंड कॅम्पियन या जेझुइट धर्मगुरूस राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशी दिले होते. स्वदेशाची दारे स्टीफन्स यांना बंद होती. असे असता, त्या देशाचे चार अनोळखी लोक तुरुंगात आहेत एवढे कळताच ते मदतीस गेले. त्यांना एका दुसऱ्या धर्मगुरूचे साहाय्य झाले. आर्चबिशपच्या पदरी असलेला लिन्स्कोटेन नावाचा डच तरुण, ज्याचा प्रवासग्रंथ पुढे जगप्रसिद्ध झाला, त्यानेही आपल्या धन्याकडे रदबदली केली.

२२ डिसेंबर १५८३ रोजी दोन हजार डुकाट नाण्यांच्या जामिनावर चौघांची सुटका झाली. अट अशी की गाव सोडून जावयाचे नाही. जामीन राहिला आन्द्रेआस ताबोरेर नावाचा गृहस्थ. परंतु त्याने या इंग्रजांकडूनच तितके पैसे आधी ठेवून घेतले व वर आणखी मागू लागला. म्हणजे सुटका झाली ती आपल्याच पैशाने. तथापि व्यापारी माणूस रिकामा बसत नाही. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर त्यांनी घर घेऊन दुकान मांडले व शिल्लक माल विकण्यास आरंभ केला. चित्रकार स्टोरीचे नशीब निराळे. जेझुइटांना आपल्या देवालयात चित्रे काढावयास कुशल माणूस हवाच होता. तो त्यांच्या मठात गेला. काही काळाने तेथून बाहेर पडून लग्न करून गोव्यातच राहिला. इंग्लंडची वाट त्याने पुन्हा धरली नाही.

उरलेल्या तिघांना मात्र स्वस्थता नव्हती. महिने लोटले तरी खटल्याचा निकाल नाही. पुरावा तर काहीच मिळाला नव्हता. अखेर त्यांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला की आमचे पैसे पाच महिने तुमच्याकडे अडकले आहेत, आमच्याविरुद्ध काही सिद्ध झालेले नाही, तेव्हा ते परत मिळावेत. उत्तर अतिशय कडक मिळाले. तुमची याहून चांगली चाळणी लवकरच होईल, अजून पुष्कळ बाहेर निघावयाचे आहे, असा त्याचा मतलब. शिवाय बाहेरून कानावर आले की कबुलीसाठी त्यांचा छळ होणार. तो छळ असा की हात पाठीमागे बांधून त्याच दोराने मनुष्यास वर खेचावयाचे व एकदम खाली सोडावयाचे. खांदे निखळतात. निरपराधी मनुष्यही त्या दोरावर हवी ती कबुली देतो.

तिघांनी पळून जाण्याचे ठरविले.

जामिनावर सुटलेल्या माणसाने पळून जावे, हे उघड उघड वचनभंगाचे कृत्य आहे, आणि ज्यांनी शब्द टाकला त्या फादर स्टीफन्सना त्यामुळे खाली पाहावे लागले असेल, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. परंतु निर्दोष ठरण्याची वाटच जेथे बंद आहे, आणि निकाल न देता माणसास जन्मभर लटकत ठेवणे हेच जेथील न्यायाचे स्वरूप आहे, तेथे थांबून राहणे हा सद्गुण म्हणता येईल असे आम्हांस वाटत नाही. जामिनाची रक्कम तर त्यांची स्वतःचीच होती, ती ते तेथेच टाकून गेले.

१५८४ च्या एप्रिलात, एके दिवशी सकाळी, जवळच्या पैशांची रत्ने विकत घेऊन ती अंगावर लपवून ते नदीपार झाले. रस्ता ठाऊक नाही. वाटाड्या घेण्याची सोय नाही, कारण कोणावर विश्वास टाकणार? दोन दिवस ते पायी चालले. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ज्याने घाट चढला आहे, त्यासच ते दोन दिवस कळतील. अखेर आदिलशाही मुलखातील बेळगावी ते पोचले. तेथे हिरे-माणकांचा मोठा बाजार भरलेला फिचने पाहिला. तेथून विजापूर, मग गोवळकोंडा. लीड्स जवाहिऱ्या असल्यामुळे या वाटेने जाण्यात त्यांचा दुहेरी हेतू साधत होता.

पुढे बऱ्हाणपूर, मांडू, उज्जैन असे करीत ते आग्र्यास गेले. बऱ्हाणपुरात आठ-दहा वर्षांचे नवरे व पाच-सहा वर्षांच्या नवऱ्या एकाच घोड्यावर बसून वरातीने जाताना पाहून फिच थक्क झाला. आग्रा व फत्तेपूर ही दोन्ही शहरे त्यास लंडनहून मोठी वाटली. दोहोंमधील सारा रस्ता म्हणजे एक सलग बाजार, असे तो लिहितो. येथे तिघांच्या वाटा फुटल्या. लीड्सला अकबराने आपल्या पदरी जवाहिऱ्या म्हणून ठेवून घेतले. घर, घोडा, पाच गुलाम व रोजचा तनखा दिला. २८ सप्टेंबर १५८५ रोजी न्यूबेरी लाहोरच्या वाटेने इराणातून घरी जाण्यास निघाला. जाताना फिचला त्याने सांगितले की तू बंगाल व पेगू पाहून ये. दोन वर्षांच्या आत मी इंग्लंडहून जहाज घेऊन बंगालमध्ये तुला भेटेन. ते जहाज आले नाही. न्यूबेरी पुन्हा कोणासही दिसला नाही.

फिच एकटा राहिला. मीठ, अफू, हिंग, शिसे, गालिचे यांनी भरलेल्या एकशे ऐंशी नावांच्या काफिल्याबरोबर तो यमुनेतून गंगेत व गंगेतून बंगालपर्यंत गेला. प्रयाग, काशी, पाटणा, कुचबिहार, सोनारगाव, नंतर ब्रह्मदेशातील पेगू, सयामच्या बाजूस चिअंगमाई, १५८८ मध्ये मलाक्का, अशी त्याची भ्रमंती झाली. त्याचा वृत्तांत १५९९ साली हॅक्लुइटच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापला गेला. त्यातील काही भाग त्याने व्हेनिसच्या सेझारे फेडेरिची याच्या पुस्तकातून उचललेला आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तरीही सोनारगावचे तलम कापड, पेगूचे हत्ती, रंगूनचा सोन्याचा पॅगोडा यांची त्याने दिलेली माहिती आजही इतिहासकार वापरतात.

आम्हांस मात्र त्याच्या परतीच्या प्रवासाचा वृत्तांत अधिक मोलाचा वाटतो. मार्च १५८९ मध्ये सिंहलद्वीपावरून तो कोचीनला आला. जहाजे दोनच दिवसांपूर्वी सुटून गेली होती. आठ महिने त्यास तेथे पोर्तुगीजांच्या गावात काढावे लागले. नोव्हेंबरात जहाज मिळाले, आणि ते जाणार होते गोव्यावरून.

वाचकांनी क्षणभर त्याच्या जागी स्वतःस उभे करून पाहावे. पाच वर्षांपूर्वी याच गोव्यातून हा मनुष्य जामीन मोडून पळाला होता. त्याच्यावरील हेरगिरीचा आरोप कोणी मागे घेतलेला नव्हता. शिवाय दरम्यान १५८८ साली स्पेनच्या प्रचंड आरमाराने इंग्लंडवर चाल केली होती व तिचा बोजवारा उडाला होता. आता दोन्ही देशांत उघड युद्ध होते. पोर्तुगालचा राजाही तोच फिलिप. १५८३ साली जो नुसता संशयित होता, तो १५८९ साली शत्रू ठरत होता. पण घरी जाण्याची दुसरी वाट त्यास नव्हती. ज्या मुख्य रस्त्यावर त्याने दुकान मांडले होते, तो रस्ता, तो बाजार, तेथील माणसे तीच. एवढे मात्र खरे की व्हाइसरॉय मास्करेन्यस कधीच स्वदेशी परतला होता आणि कारभार नव्या माणसांच्या हाती होता. फिच गोव्यात तीन दिवस राहिला. या तीन दिवसांविषयी त्याने आपल्या वृत्तांतात एक चकार शब्द अधिक लिहिलेला नाही. माडाचे आणि घोड्यांच्या जकातीचे सविस्तर वर्णन करणारा हा लेखक येथेच असा मुका व्हावा, यात त्याच्या मनाची अवस्था आम्हांस दिसते.

तेथून तो चौलला गेला व तेवीस दिवस राहिला. मग होर्मुझ! जेथे प्रथम हातात बेड्या पडल्या, त्याच बेटावर बसऱ्याकडे जाणाऱ्या गलबताची वाट पाहत त्यास पन्नास दिवस काढावे लागले. कोणी ओळखले नाही, अथवा ज्याने ओळखले तो गप्प राहिला. बसरा, बगदाद, मोसूल, अलेप्पो असा फिरत २९ एप्रिल १५९१ रोजी तो लंडनला पोचला. आठ वर्षे झाली होती. तो मेला असे समजून त्याच्या आप्तांनी मालमत्तेची वाटणीही उरकली होती.

पुढील वीस वर्षे त्याचे ज्ञान हेच त्याचे भांडवल झाले. ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीस सनद मिळाली. त्याआधीच, ऑक्टोबरात, जहाजात कोणता माल भरावा हे एल्ड्रेड व फिच यांस विचारावे असा ठराव तिच्या दप्तरात आहे. १६०६ साली जेम्स राजाची पत्रे पूर्वेकडील राजांस पाठवावयाची होती. त्या राजांच्या पदव्या बिनचूक कशा लिहाव्यात, हे विचारण्यासही कंपनी फिचकडेच गेली. एलिझाबेथ राणीने १५८३ साली दिलेल्या पत्रात अकबराचे नाव फारच वेडेवाकडे लिहिलेले होते. ती उणीव या वेळी तरी राहू नये असे कंपनीस वाटले असावे.

१६११ साली राल्फ फिच लंडन येथे मरण पावला. फादर स्टीफन्स त्यानंतर आठ वर्षे हयात होते. गोव्याच्या भूमीवरच १६१९ मध्ये त्यांचा अंत झाला. सुरतेस वखार घालण्याचे जहांगीर बादशहाचे फर्मान इंग्रजांस मिळाले ते फिचच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १६१३ साली.